परीक्षेच्या रेकॉर्डिंगमधली मराठी

मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा पहिला संशय माझ्या नवऱ्याला आला. तो गॅसच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर आहे. एका मीटरवर दिसलेला आकडा दुसऱ्या मीटरवर ताडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने विद्यापीठाची वेबसाइट उघडली, पत्ता नकाशावर शोधला, फोटो मोठे करकरून पाहिले आणि म्हणाला, "इमारत तरी आहे."

"आणि आत?" मी विचारलं.

"आत काय आहे ते तू शिकायला लागलीस की कळेल."

मी मूळची नाशिकची. तिथल्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बीए झाले, मग पुण्यात एका कंपनीच्या एचआरमध्ये काही वर्षं काढली आणि नवऱ्याच्या नोकरीमागे कतारला, दोह्याला आले. इथे आल्यावर मुलगी लहान, म्हणून घरीच राहिले. ती मोठी झाली तेव्हा वाटलं, अर्धवट राहिलेलं पूर्ण करावं. आठवडाभराचा कोर्स करून समुपदेशक म्हणवून घेणाऱ्यांपैकी मला व्हायचं नव्हतं. मला नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ व्हायचं होतं. त्यासाठी आधी ही पदवी, मग कुणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि मग नोंदणी. घर न सोडता यातलं पहिलं पाऊल टाकता येणारा रस्ता हाच होता.

दुसरा संशय इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना आला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला एकीच्या घरी जमलो होतो. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर तिथे ओट्याशी उभ्या असलेल्या दोघी गप्प झाल्या. यजमानीण हसत म्हणाली, "हिच्यासमोर जपून बोला हं. ही आता आपला सगळ्यांचा अभ्यास करते."

मीही हसले. पण नंतर माझ्या लक्षात येत गेलं, की पूर्वी सासूबद्दल, नवऱ्याबद्दल मोकळेपणी बोलणाऱ्या बायका माझ्याशी आता कैरीच्या डाळीबद्दल आणि शाळेच्या फीबद्दलच बोलतात. मला राग यायचा. मी तर अजून संख्याशास्त्राच्या पेपरातच अडकले होते. माणसांच्या मनाचं काही शिकवायला त्यांनी सुरुवातही केली नव्हती.

आणि मग आमची लेक. ती तेव्हा बारा वर्षांची होती. इथल्या बहुतेक मुलांसारखी तीही इंग्रजी शाळेत जाते, मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. "पोळी वाढू का?" "नो, आय ॲम फुल." मी कितीदा म्हणायचे, "मराठीत सांग गं." ती खांदे उडवायची. तिला मराठी बोलता येत नाही, अशी माझी खात्रीच झाली होती आणि त्याचं मला वाईट वाटायचं.

त्या वर्षी तिची जवळची मैत्रीण दोहा सोडून गेली. वडिलांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कुटुंब कॅनडाला. इथे हे नेहमीचंच. मुलं मैत्री करतात आणि कुणाच्या तरी बाबांचा व्हिसा संपतो. लेक त्याबद्दल काही बोलली नाही. मी मात्र विचारत राहिले. नुकतंच आम्हाला ऐकण्याचं कौशल्य शिकवायला घेतलं होतं. समोरच्याचं वाक्य त्यालाच परत ऐकवायचं, घाई करायची नाही, आवाज खाली ठेवायचा. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून हळू आवाजात विचारायचे, "म्हणजे आज शाळेत तुला जरा एकटं वाटलं, असं आहे का?"

ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "आई, स्टॉप. नॉट दॅट व्हॉइस."

आम्ही अल रय्यानमध्ये राहतो. घरमालकाने एक मोठी व्हिला आतून भिंती घालून तीन-चार कुटुंबांत वाटून दिली आहे. इथे याला पार्टिशन व्हिला म्हणतात. भिंती जिप्समच्या. माझी अभ्यासाची खोली आणि लेकीची खोली मिळून पूर्वी एकच मोठी खोली होती, त्यामुळे वरची एसीची जाळी दोघींना सामाईक आहे. पलीकडची शिंकही ऐकू येते.

पहिल्या वर्षाची मोठी परीक्षा शुक्रवारी सकाळी होती. शुक्रवार इथे सुट्टीचा. नियम कडक होते. खोलीत दुसरं कुणी नको, कागद नको, कुणाचा आवाज नको, कॅमेरा आणि माइक पूर्ण वेळ चालू. म्हणून ठरलं होतं, की नवरा लेकीला घेऊन समैस्माच्या समुद्रावर जाईल आणि दुपारीच परत येईल. सकाळी चहा घेता घेता त्याला प्लांटवरून फोन आला. काहीतरी बंद पडलं होतं. तो बूट घालत म्हणाला, "सॉरी. जावंच लागेल." लेक म्हणाली, "आय विल बी क्वाएट. प्रॉमिस." मी तिला खायला काढून ठेवलं, तिच्या खोलीचं दार लोटलं आणि माझ्या खोलीचं बंद केलं.

परीक्षेवर नजर ठेवणारा माणूस कुठल्या देशात बसला होता कोण जाणे. त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज यायचा. त्याने मला लॅपटॉप हातात धरून अख्खी खोली दाखवायला लावली. टेबलाखाली, दारामागे, पडद्यामागे. मग म्हणाला, केस मागे घ्या, कान दाखवा. कान दाखवले. मग त्याला मंगळसूत्र दिसलं.

"हे काय आहे?"

"माझ्या लग्नाची खूण आहे."

"त्यात काही यंत्र आहे का?"

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, तरी काढून ठेवा. मी ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. तर म्हणाला, ड्रॉवर दाखवा. ड्रॉवरमध्ये पेन, औषधाच्या गोळ्या आणि जुनी बिलं. सगळं बाहेर काढून दाखवलं. परीक्षा सुरू होईपर्यंत मलाच माझा संशय येऊ लागला होता. आपण खरंच काही लपवलंय की काय, असं वाटून मी टेबलाखाली परत एकदा वाकून पाहिलं, आणि त्याने लगेच विचारलं, "खाली काय बघताय?"

प्रश्न पर्यायांचे होते. ए, बी, सी, डी. अर्ध्यावर आले असताना जाळीतून कुजबुज ऐकू यायला लागली. मी एकदा भिंतीकडे पाहिलं. शेजारच्यांचा टीव्ही असेल असं समजून पुन्हा पडद्याकडे वळले. पेपर चांगला गेला.

काही दिवसांनी विद्यापीठाचा मेल आला. भाषा फार सभ्य होती. परीक्षेच्या दरम्यान आपल्या जवळपास दुसऱ्या व्यक्तीचा आवाज नोंदवला गेला आहे. ती व्यक्ती वारंवार पर्यायांची अक्षरं उच्चारते आहे. त्याच सुमारास आपण आवाजाच्या दिशेने पाहिलेले दिसते. शैक्षणिक प्रामाणिकपणाच्या नियमांनुसार चौकशी सुरू करण्यात येत आहे. सोबत रेकॉर्डिंगचा तुकडा जोडला आहे. बोलणारी व्यक्ती कोण, हे कळवावे आणि संभाषणाचे शब्दशः इंग्रजी भाषांतर द्यावे.

कॉपीचा ठपका बसला असता तर नोंदणीचं नाव पुन्हा काढायलाच नको. मी हेडफोन लावले आणि तो तुकडा ऐकला.

लेक होती. फोनवर बोलत होती. आणि मराठीत बोलत होती.

"अगं मावशी, ऐक तर खरं. मला सीमध्ये टाकलं ना, आणि बाकीच्या सगळ्या बीमध्ये. डीमधल्या मुली तर बघतच नाहीत कुणाकडे..."

शाळेने नव्या वर्षात तुकड्या बदलल्या होत्या. बी, सी आणि डी म्हणजे शाळेचे सेक्शन. पलीकडे माझी थोरली बहीण होती, नाशिकला शाळेत शिकवते ती. आवाज दबलेला होता, पण शब्द स्पष्ट. "काहीच्या काही करते ती", "मला कसंतरीच होतं", "जाऊ दे ना". अगदी आमच्या घरची, माझ्या बहिणीच्या तोंडची मराठी. मी पहिल्यांदा ऐकताना ती काय बोलतेय इकडे लक्षच दिलं नाही. नुसती ऐकत राहिले. मला रडू येत होतं आणि हसूही.

दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा अर्थ कळला. ती शाळेतल्या मधल्या सुट्टीबद्दल सांगत होती. नेमकं काय, ते इथे लिहीत नाही. हे सगळं लिहून झाल्यावर आधी मी तिलाच वाचायला दिलं होतं, आणि तिने इथल्या काही ओळी काढायला लावल्या. एवढं सांगायला तिची हरकत नाही, की मैत्रीण गेल्यावर तिचे दिवस वाईट चालले होते आणि मला वाटत होतं त्यापेक्षा फार वाईट.

तिचं शेवटचं बोलणंही तिने ठेवू दिलंय. "आईला सांगू नकोस हं, मावशी. तिला काही सांगितलं की ती तो आवाज काढते. आणि मग तिच्या ग्रुपमध्ये सांगते. मला भिंतीतून ऐकू येतं सगळं."

मी आठवून पाहिलं. ऑनलाइन चर्चेत एकदा कुणीतरी वयात येणाऱ्या मुलांच्या अबोल्याचं उदाहरण मागितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, "माझ्याच घरात बघा ना." पुढे जेमतेम दोन वाक्यं बोलले असेन. कुणाचं नाव नव्हतं, तपशील नव्हता. पण तेव्हापासून तिच्या लेखी मी पलंगाच्या कडेला येऊन बसले, की माझ्या मागे एक अख्खा वर्ग येऊन बसत होता.

नवरा घरी आल्यावर त्याला मेल दाखवला. रेकॉर्डिंग ऐकवलं नाही. तो म्हणाला, "देऊन टाक भाषांतर. आपलीच पोरगी आहे, मावशीशी बोलतेय. यात काय लपवायचं?"

"तिने ते मला सांगितलेलं नाही. बहिणीला सांगितलंय. आणि मी ते परक्या माणसांना लिहून द्यायचं?"

त्याने मेल पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "मग काहीतरी साधं लिहून टाक. खाण्यापिण्याचं. त्यांना कुठे मराठी कळतंय?"

मी खोटं बोलणार नाही असं ठामपणे म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. खरं सांगायचं तर मी त्याच्या बोलण्यावर विचार केला. मग वाटलं, त्यांनी कुणा मराठी माणसाला ऐकवलं तर?

आधी बहिणीला फोन केला. आडून आडून विचारलं, "काय गं, पोरगी हल्ली तुला फोन करते का?"

"कधीमधी करते," ती म्हणाली.

"काय बोलता?"

"काही नाही गं. अभ्यासाचं. का?"

"शाळेत काही त्रास आहे का तिला?"

"मला काय माहीत? तिलाच विचार ना." आणि लगेच तिने भाज्यांचे भाव काढले. माझी सख्खी बहीण माझ्याशी धडधडीत खोटं बोलत होती, आणि ते तिला किती सहज जमलं याचं मला आश्चर्य वाटलं. फोन ठेवल्यावर कळलं, की ती बरोबर वागली होती. मी शिकत होते, ते तिला येत होतं.

शनिवारी मी लेकीला घेऊन लुसैलला गेले. तिला तिथली ट्राम आवडते. उतरायचं कुठे हे न ठरवता बसून राहायचं. शेजारी शेजारी बसलं की एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. दोन स्टेशनं गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. परीक्षा, रेकॉर्डिंग, मेल. आवाज कसा ठेवायचा हेच कळेना. हळू बोलले तर "तो आवाज", आणि मोठ्याने बोलले तर समोरचे लोक बघणार.

"यू हर्ड इट?" ती म्हणाली.

"हो."

"ऑल ऑफ इट?"

"हो. मला ऐकावंच लागलं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग मी म्हणाले, "ते भाषांतर मागताहेत. तुला विचारल्याशिवाय मी देणार नाही."

"मी नाही म्हटलं तर?" हे तिने मराठीत विचारलं. मी दचकले. माझ्याशी ती पहिल्यांदाच अख्खं वाक्य मराठीत बोलली होती आणि ते भांडणाचं होतं.

"तर बघू."

"तू नापास होणार?"

"कदाचित. कदाचित त्याहून वाईट."

"मग हे विचारणं नाहीच ना. तू मला सांगतेयस." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू नेहमी असंच करतेस. विचारते म्हणतेस, पण उत्तर तुझं तुझ्याकडे असतंच."

संमती म्हणजे काय, दबावाखाली दिलेली संमती संमती का नसते, यावर त्याच सत्रात मी मोठा निबंध लिहिला होता. चांगले गुणही मिळाले होते. ट्राम शेवटच्या स्टेशनला पोचली, उलटी निघाली, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

पुढचे दोन-तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी ठरवून टाकलं होतं, की भाषांतर द्यायचं नाही. काय व्हायचं ते होवो. तिला तसं सांगितलंही: "तू काळजी करू नकोस, मी ते देत नाहीये." तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. बहुधा नव्हताच.

मग एका सकाळी मी तिला शाळेत सोडायला निघाले होते. राउंडअबाउटला गाड्या खोळंबलेल्या. ती दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. अचानक म्हणाली, "ज्याला मी ओळखत नाही, त्याने ऐकलं तर चालेल मला."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचा कुणीतरी मराठी येणारा माणूस. त्याने ऐकावं आणि फक्त सांगावं, की मी आन्सर्स देत नव्हते. बाकी काही सांगायचं नाही. पण तू लिहायचं नाहीस."

"मी का नको? मी तर ऐकलंय आधीच."

"तेच तर," ती म्हणाली. "तो माणूस नंतर माझ्या बेडवर येऊन बसणार नाहीये."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली. शाळेच्या फाटकाशी ती उतरली, नेहमीसारखं "बाय" म्हणाली आणि गेली. मी फाटकापुढे गाडी लावून, सुरक्षारक्षकाने "यल्ला, यल्ला" म्हणून पुढे निघायला हात हलवेपर्यंत तशीच बसून राहिले. लोक अनोळखी माणसाला पैसे देऊन मनातलं का सांगतात, हे मी वर्षभर पुस्तकांत वाचत होते.

चौकशीची बैठक व्हिडिओवर झाली. समोर तिघं होती. बोलत होती ती एक वयस्क बाई. मी सांगितलं, की आवाज माझ्या मुलीचा आहे. ती माझ्या बहिणीशी तिच्या खाजगी गोष्टी बोलतेय. ती अक्षरं शाळेच्या तुकड्यांची आहेत, शाळेचं पत्रही मी जोडलंय. शब्दशः भाषांतर मी देणार नाही.

बाई म्हणाल्या, "नकार दिल्याने संशय वाढतो, हे तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय."

"तरी नकार?"

"मुलगी तयार आहे, पण तिची एक अट आहे." आणि मी लेकीचं म्हणणं त्यांना सांगितलं. गोपनीयता पाळणारा त्यांचाच दुभाषा, आणि त्याने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: या बोलण्यात परीक्षेची उत्तरं आहेत की नाहीत.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ही अट मुलीने घातली? तुम्ही नाही?"

तिथेही संशयच. मी म्हटलं, "मला सुचली असती तर बरं झालं असतं."

निकाल यायला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत मी अभ्यास करत होते, पण मन लागत नव्हतं. मेलची घंटा वाजली की हातातलं टाकून आधी तो उघडायचे. नवरा म्हणायचा, "होईल गं, इन्शाल्ला." प्लांटवर सगळ्यांच्या तोंडी असतं, तेच त्याच्याही तोंडी बसलंय. शेवटी उत्तर आलं. गैरप्रकार झालेला नाही. मात्र परीक्षेच्या जागी दुसरा आवाज असणं हाच नियमभंग असल्याने पेपर रद्द, पुढच्या सत्रात पुन्हा द्यावा. म्हणजे माझं अर्धं वर्ष गेलं. नवरा चिडला. मी इतकी हलकी झाले होते, की मला चिडताच आलं नाही.

दुसऱ्या वेळी तो लेकीला खरोखरच समैस्माला घेऊन गेला आणि मी रिकाम्या घरात पेपर दिला. पास झाले. आता पदवी हातात आहे आणि एका क्लिनिकमध्ये देखरेखीखाली काम चालू आहे. नोंदणी अजून व्हायची आहे.

मंडळातल्या बायका अजून जपूनच बोलतात. एक मात्र हल्ली कधीतरी फोन करते आणि सुरुवातीलाच म्हणते, "हे तुझ्या अभ्यासात नाही ना जाणार?" मी नाही म्हणते. तिला ते दर वेळी नव्याने विचारावं लागतं.

लेकीच्या शाळेबाबत मी काही केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. बहिणीला एवढंच सांगितलं, की तुमचे फोन चालू ठेव, मला काही सांगू नकोस. पुढे मधल्या सुट्टीचं गाडं आपोआप रुळावर आलं, की बहिणीने काही सुचवलं, ते मला आजही माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी भाजी निवडताना लेक माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस?" मग तिने तिच्या सायन्सच्या सरांबद्दल एक गोष्ट सांगितली. त्यांचे केस खोटे आहेत, विग आहे, आणि एकदा एसीच्या वाऱ्याने तो सरकला. मी हसले, आणि ते माझ्यापाशीच ठेवलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही, बहिणीलाही नाही. पालकसभेत त्या सरांसमोर बसावं लागलं, तेव्हा त्यांच्या डोक्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करावा लागला.

काही आठवड्यांनी जेवताना तिने बापाला सहज विचारलं, "बाबा, आमच्या सायन्स सरांबद्दल काही ऐकलंस का?"

"नाही बुवा. का?"

"काही नाही." तिने पोळी मोडली. मग माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाली, "ते विगचं खोटं होतं. असंच सांगितलं होतं मी."